हेंडरसन्स रेलिश: शेफील्डच्या हॅशवर शेवटी पडणारी चिंच

बटाटा शिजायच्या आधी रश्श्यात चिंच किंवा आमसूल पडलं की फोडी कचकचीत राहतात, हे मराठी स्वयंपाकघरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. हेंडरसन्स रेलिश नावाची बाटली वापरताना नेमकी हीच गोष्ट लक्षात ठेवायची. या काळपट, पातळ सॉसला आंबटपणा येतो तो व्हिनेगर आणि चिंचेमुळे. तो पातेल्यात आधी घातला तर बटाटा अडून बसतो आणि सॉसचा वासही उडून जातो. ताटात वाढल्यावर वरून शिंपडला, तर मांस, बटाटा, कांदा आणि पाणी एवढ्यावर उभा असलेला साधा रस्सा एकदम जागा होतो. शेफील्डची घरं हा सॉस टेबलावर ठेवतात ती म्हणूनच.

शेफील्ड हे इंग्लंडच्या यॉर्कशरमधलं पोलादाचं आणि सुऱ्या-काट्यांचं गाव. हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये स्टेनलेस स्टीलवर काम केलं ते इथेच. भट्ट्या आणि सुऱ्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या कामगारांच्या घरात जो रस्सा शिजायचा त्याला हॅश म्हणतात. स्थानिक बोलीत सुरुवातीचा ‘ह’ गिळून ‘ॲश’, आणि बटाट्याचा म्हणून ‘टेटर ॲश’. कसायाकडचं सगळ्यात स्वस्त आणि चिवट मांस घ्यायचं, भरपूर बटाटा घालायचा, आणि कोळशावर चालणाऱ्या ओतीव लोखंडाच्या चुलीवर तासन्‌तास सोडून द्यायचं. ती चूल घर गरम ठेवायला पेटलेलीच असायची, त्यामुळे जळणाचा वेगळा खर्च नव्हता. हेन्री हेंडरसन यांनी आपलं रेलिश १८८५ मध्ये याच गावात, ब्रॉड लेनवर बनवायला सुरुवात केली. आजही ते शेफील्डमध्येच बनतं. गावातले लोक लाडाने त्याला ‘हेंडोज’ म्हणतात.

बाटली काचेची, २८४ मिलिलिटरची, म्हणजे इंग्लिश मापाचा अर्धा पाइंट. लेबल नारिंगी, त्यावर ‘स्पायसी यॉर्कशर सॉस’ असं लिहिलेलं. ‘स्पायसी’ या शब्दावर मराठी माणसाने फार भरवसा ठेवू नये. केयेन मिरची आहे, पण घशाशी जेमतेम ऊब जाणवेल इतकीच. पहिल्यांदा जाणवतो तो व्हिनेगरचा झणका, मग साखरेची गोडी, मागून चिंच, आणि शेवटी जिभेवर रेंगाळते ती लवंग. लसणाचं तेलही आहे, पण ते वेगळं ओळखू येत नाही. आपल्या चिंचगुळाच्या आमटीतून डाळ काढून घेतली आणि त्यात व्हिनेगर ओतलं, तर जे होईल त्याच्या जवळपासची ही चव आहे. त्यामुळे मराठी जिभेला हा सॉस परका वाटत नाही.

तुलना अपरिहार्यपणे होते ती ली अँड पेरिन्सच्या वॉर्सेस्टरशर सॉसशी. तो वॉर्सेस्टर गावचा, १८३७ पासूनचा. चिंच दोन्हीकडे आहे, पण ली अँड पेरिन्समध्ये खारवलेले अँकोव्ही मासे असतात आणि इंग्लंडमधल्या बाटलीत बार्लीच्या माल्टचं व्हिनेगर असतं. हेंडरसन्समध्ये मासा नाही, ग्लुटेन नाही, प्राणिजन्य काहीच नाही. ब्रिटनमधल्या ज्या शाकाहारी मराठी घरांत वॉर्सेस्टरशर सॉस नकळत वापरला जातो, त्यांच्यासाठी ही बाटली सरळ उपाय आहे. मात्र एक फरक समजून घ्यायला हवा. माशामुळे वॉर्सेस्टरशर सॉसला जो खोल, मांसल खारटपणा येतो तो इथे नाही. ली अँड पेरिन्स रश्श्यात घालून शिजवला तर तो रश्श्याला अंग देतो. हेंडरसन्स अंग देत नाही, धार देतो. म्हणून खालचा रस्सा स्वतःच्या पायावर उभा असावा लागतो. पाणचट हॅशवर कितीही रेलिश ओतलं तरी आंबट पाणचट हॅश मिळेल, एवढंच.

तर आधी हॅश.

चार माणसांसाठी ७०० ग्रॅम बीफ लागतं, आणि ते ‘शिन’ म्हणजे पायाच्या पोटरीचं असावं. मांसात पांढरट पडदे आणि शिरा दिसल्या पाहिजेत. याच भागात कोलॅजन भरपूर असतं. मंद आचेवर दोन-अडीच तासांत त्याचं जिलेटिन होतं आणि रस्सा ओठांना किंचित चिकटतो. सुपरमार्केटात ‘लीन डाइस्ड बीफ’ म्हणून जे लालभडक, स्वच्छ तुकडे मिळतात ते इथे टाळा. त्यात विरघळायला काही नसतं, म्हणून ते जितके शिजतील तितके कोरडे आणि दोरीसारखे होतात. शिन नाही मिळालं तर ‘चक’ चालेल, वेळ अर्धा तास कमी लागेल. तुकडे ३ ते ४ सेंटिमीटरचे करा. लहान केले तर शेवटी त्यांचा चुरा होतो.

बटाटे १ किलो २०० ग्रॅम. हा आकडा चुकून जास्त पडलेला नाही. मांसाच्या जवळजवळ दुप्पट बटाटा हाच या पदार्थाचा स्वभाव. जात पिठूळ हवी, मॅरिस पायपर किंवा किंग एडवर्ड. शार्लटसारखा मेणचट बटाटा किंवा कोवळा नवा बटाटा फोडी छान टिकवतो, पण रस्सा आळत नाही, आणि मग लोक मैदा किंवा कॉर्नफ्लोअर लावतात. या रश्श्याला पीठ लावायची गरज पडली, तर बटाटा चुकला असं समजावं.

बाकी दोन मोठे कांदे, साधारण ३०० ग्रॅम, २०० ग्रॅम गाजर, एक मोठा चमचा बीफ ड्रिपिंग म्हणजे वितळवून थिजवलेली गुरांची चरबी, नसेल तर साधं तेल, एक तमालपत्र, अर्धा छोटा चमचा पांढऱ्या मिरीची पूड. पाणी सव्वा लिटर. एक ऑक्सो क्यूब, म्हणजे मांसाच्या अर्काची तयार वडी, घालायला हरकत नाही, पण त्यात मीठ असतं, म्हणून सुरुवातीला एकच छोटा चमचा मीठ घाला आणि उरलेलं शेवटी चाखून.

जाड बुडाचं, घट्ट झाकणाचं पातेलं घ्या. मांस आदल्या रात्री किंवा निदान अर्धा तास आधी टिपून कोरडं करा. जुन्या पद्धतीत मांस न परतताच कांद्याबरोबर पाण्यात सोडतात. तो रस्सा सौम्य आणि फिकट राखाडी होतो. सगळं मांस परतलं तर रस्सा गडद होतो, पण कडेचे तंतू कठीण पडतात. अर्धं मांस परतावं आणि अर्धं तसंच घालावं, यात दोन्हीचं भलं होतं. परतताना पातेल्यात गर्दी नको. तुकड्यांना पाणी सुटलं तर ते परतले जात नाहीत, उकडले जातात. एका बाजूला चार मिनिटं हात लावू नका, तपकिरी खरपूस पापुद्रा धरला की उलटा.

मांस बाजूला काढून त्याच चरबीत कांदा आठ-दहा मिनिटं मऊ करा. लाल करायचा नाही, आपल्या मटणाच्या वाटणासारखा तर मुळीच नाही. थोडं पाणी घालून बुडाला चिकटलेलं सगळं लाकडी चमच्याने खरवडून घ्या, कारण रश्श्याची निम्मी चव तिथे असते. सगळं मांस, तमालपत्र, मिरी, मीठ आणि उरलेलं पाणी घाला. एक उकळी आली की वर येणारा फेस काढा, आच अगदी मंद करा आणि झाकण ठेवा. पृष्ठभागावर दोन-तीन सेकंदांनी एखादा बुडबुडा यावा, इतकंच. खळखळ उकळलं तर तंतू आवळतात, पाणी पिळून बाहेर टाकतात आणि रस्सा गढूळ होतो. ओव्हनमध्ये ठेवायचं असेल तर १५० अंश सेल्सिअस, पंख्याच्या ओव्हनला १३०.

दीड तासाने गाजर आणि एकूण बटाट्यांपैकी ४०० ग्रॅम, दीड सेंटिमीटरच्या बारीक फोडी करून घाला. या फोडी विरघळण्यासाठीच आहेत. बटाट्यांना चिरल्यावर धुवू नका, वरचा स्टार्च रश्श्यात गेलेला हवा. अर्ध्या तासाने उरलेला ८०० ग्रॅम बटाटा, लिंबाएवढ्या मोठ्या तुकड्यांत. आणखी ३५ ते ४० मिनिटं. मोठ्या फोडीत सुरी अलगद गेली आणि बारीक फोडी चमच्याने दाबताच फुटल्या, की गॅस बंद. पाच-सहा बारीक फोडी कडेला दाबून रश्श्यात मिसळा. जोरजोरात ढवळू नका आणि मिक्सर तर लावूच नका. पिठूळ बटाट्याला मार बसला की त्याचा स्टार्च खळीसारखा चिकट होतो आणि तो सुधारत नाही. झाकण ठेवून वीस मिनिटं मुरू द्या. चमचा ओढला की मागे वाट क्षणभर उघडी राहावी आणि मग रस्सा सावकाश मिटावा, असा दाटपणा हवा.

आता बाटली उघडायची.

बटाटा, गाजर या भाज्यांच्या पेशी पेक्टिनने जोडलेल्या असतात. साध्या पाण्यात साधारण ८५ अंशांच्या वर तो जोड सैल होतो. पाणी आंबट असेल तर पेक्टिन टिकून राहतं आणि फोड बाहेरून शिजल्यासारखी दिसून आतून टणक राहते. पाव बाटली रेलिश सुरुवातीलाच ओतणाऱ्याची तक्रार नेहमी हीच असते, की दोन तास झाले तरी बटाटा शिजेना. दोष बटाट्याचा नसतो. दुसरं नुकसान वासाचं. व्हिनेगरचा झणका वाफेबरोबर निघून जातो, चिंचेची ताजी धार बोथट होते, आणि मागे राहते ती लवंग. तासभर उकळलेली लवंग कडवट आणि दवाखान्यासारखी लागते. शिवाय सॉसमधल्या रंगाने सगळा रस्सा काळवंडतो, मग मांस नीट परतलं गेलं होतं की नाही तेही कळत नाही.

माप असं: खोल ताटलीत वाढलेल्या एका माणसाच्या हॅशला एक ते दीड छोटा चमचा. सॉस पाण्यासारखा पातळ आहे, बाटली एकदम उपडी केली तर ताटात तळं होतं. आधी हलवा, मग तिरकी धरून झटके द्या. सगळीकडे मिसळू नका. वरच्या बटाट्यांवर शिंपडा म्हणजे एक घास आंबट लागतो आणि पुढचा साधा, आणि जेवण शेवटपर्यंत कंटाळवाणं होत नाही. वाढल्यावर दुसऱ्यांदा मीठ घालण्याआधी रेलिश घालून चाखा. आंबटामुळे मीठ अधिक जाणवतं, त्यामुळे बऱ्याचदा मिठाची गरजच उरत नाही. पातेल्यात घालायचा मोह आवरतच नसेल, तर गॅस बंद केल्यावर सगळ्या पातेल्याला मिळून एक मोठा चमचा, त्याहून अधिक नाही.

सोबत काय? जाड कापलेला पांढरा ब्रेड आणि लोणी, आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेला लाल कोबी किंवा बीट. दोन्ही आंबट झाले असं वाटेल, पण कोबीचा कुरकुरीतपणा इथे खरा कामाचा, कारण ताटात बाकी सगळं मऊ असतं. कोबी घरी करायचा तर अर्धा किलो बारीक चिरून २५ ग्रॅम मीठ चोळून रात्रभर ठेवा, धुऊन पूर्ण कोरडा करा आणि मिरी-धणे घालून उकळून गार केलेल्या अर्धा लिटर व्हिनेगरमध्ये बुडवा. आठवड्याने खायला घ्या. पाणी राहिलं तर कोबी लिबलिबीत होतो. कोबी ताटात असेल तेव्हा रेलिश अर्ध्यावर आणा.

हॅशवर पेस्ट्रीचं झाकण घालून भाजलं की त्याचा मीट अँड पोटॅटो पाय होतो. २२५ ग्रॅम मैदा आणि ११० ग्रॅम चरबी किंवा लोणी असं साधं प्रमाण. त्यासाठी भरण पूर्ण गार आणि अधिक घट्ट हवं, नाहीतर पेस्ट्री खालून ओली राहते. या पायवर हेंडरसन्स हॅशपेक्षाही जास्त शोभतो, कारण चरबी वाढलेली असते आणि ती कापायला आंबटच लागतं.

वेळ वाचवण्यासाठी प्रेशर कुकर वापरणं अगदी योग्य आहे, फक्त टप्प्यांनी. मांस, कांदा आणि नेहमीपेक्षा कमी, म्हणजे ९०० मिलिलिटर पाणी. दाब आल्यावर ३५ ते ४० मिनिटं मंद आचेवर. दाब आपोआप उतरू द्या, मग बटाटे घालून झाकणाशिवाय शिजवा. बटाटे मांसाबरोबरच कुकरला लावले तर त्यांचा लगदा होतो. स्लो कुकरची अडचण उलटी. त्यातलं तापमान मांसाचं कोलॅजन विरघळायला पुरतं, पण पेक्टिन सैल व्हायला जेमतेम. म्हणून बटाटा-गाजर तळाशी आणि कडेला, मांस त्यांच्यावर, पाणी उकळतं ओतायचं, आणि कमी आचेच्या खुणेवर आठ तास. स्लो कुकरमध्ये आधी रेलिश घालणं ही तर बटाटा कच्चा ठेवण्याची हमखास युक्ती.

बीफ न खाणाऱ्यांनी लँब नेक, म्हणजे मेंढीच्या मानेचं मांस घ्यावं. लँकेशायरचा हॉटपॉट, म्हणजे तिकडचा मांस-बटाट्याचा असाच पदार्थ, त्याचाच होतो. हाडासकट असेल तर ९०० ग्रॅम, आणि वेळ दोन तास. महाराष्ट्रात बोकडाच्या मटणाच्या नळ्या आणि मान घ्या. चरबी कमी असल्याने तेल एक चमचा वाढवा. लवंग आणि मटण यांची जोडी जुनीच, त्यामुळे हेंडरसन्स इथे बीफपेक्षा बरा लागतो, हे शेफील्डच्या माणसाला पटणार नाही, पण खरं आहे.

शाकाहारी हॅशलाही परंपरा आहे. लिव्हरपूलच्या स्काउस नावाच्या अशाच रश्श्यात मांस परवडलं नाही की त्याला ‘ब्लाइंड स्काउस’ म्हणत. त्यासाठी १५० ग्रॅम अख्खा मसूर, ७५ ग्रॅम सोललेली बार्ली, २०० ग्रॅम मशरूम. मशरूम मात्र पाणी पूर्ण आटून तपकिरी होईपर्यंत परता, नाहीतर रश्श्याला काहीच खोली येत नाही. पाण्यात एक छोटा चमचा मार्माइट, म्हणजे यीस्टचा खारट काळा अर्क, विरघळवा. बार्ली ४५ मिनिटं शिजू द्या, मग मसूर आणि बटाटे घाला. मसुराबाबतही आंबटाचा नियम तोच, शिजल्यावरच. रेलिशमध्ये ग्लुटेन नसलं तरी बार्ली आणि मार्माइटमध्ये आहे. ज्यांना वर्ज्य आहे त्यांनी बार्लीऐवजी मसूर वाढवावा आणि मार्माइटऐवजी ग्लुटेनविरहित सोया सॉस वापरावा.

उरलेला हॅश तासा-दीड तासात गार करून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी तो जेलीसारखा थिजलेला दिसला, तर मांस बरोबर निवडलं होतं. गरम करताना अर्धी वाटी पाणी घाला, झाकण ठेवा, मंद आचेवर आतपर्यंत वाफाळू द्या. तळाला बटाटा बसलेला असतो, त्यामुळे बूड लागतं. चपट्या चमच्याने खालून उचलत राहा. रेलिश आदल्या दिवशीच मिसळलेलं असेल तर चव सपाट झालेली असते. ताजं पुन्हा शिंपडा.

बाटलीविषयी तक्रारी दोन. लवंग ज्यांना आवडत नाही त्यांना यातून सुटका नाही, कमी घातलं तरी ती जाणवतेच. आणि यॉर्कशरपासून जितकं दूर जावं तितकी दुकानात सापडणं अवघड होत जातं. हॅशच्या पलीकडे चीज टोस्ट, इंग्लिश चिप्स म्हणजे बटाट्याच्या जाड तळलेल्या फोडी, आणि तळलेली अंडी यांवर ती उत्तम चालते. मासळीवर मात्र नको, तिथे लवंग आड येते. वस्तू महाग नाही, आणि चमच्या-चमच्याने वापरली तर बाटली महिनोन्‌महिने पुरते.

भारतात बाटली मिळत नसेल तर जवळपास जाणारं घरी करता येतं. १०० मिलिलिटर पांढरं व्हिनेगर, ५० मिलिलिटर पाणी, एक मोठा चमचा घट्ट चिंचेचा कोळ, दोन मोठे चमचे काळा गूळ, चार लवंगा किंचित ठेचून, पाव छोटा चमचा लाल तिखट, पाव चमचा मीठ, एक ठेचलेली लसूण पाकळी. स्टीलच्या भांड्यात पाच मिनिटं हळू उकळा, लगेच लवंगा काढून टाका, गार झाल्यावर मलमलच्या कापडातून गाळा. पितळेचं किंवा ॲल्युमिनियमचं भांडं नको, व्हिनेगर त्याला खातं. स्वच्छ कोरड्या बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार आठवड्यांत संपवा. इथला शीतगृहातून आलेला बटाटा गोडसर लागतो, त्यामुळे गूळ निम्माच घाला, किंवा चिप्ससाठी विकला जाणारा बटाटा शोधा.